मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२०, मेकॅनिक म्हणतो ५डब्ल्यू-४०: मग घालायचं कुठलं?

म्हणजे तुमची गाडी नवी, छोटं टर्बो पेट्रोल इंजिन, डायरेक्ट इंजेक्शन, मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० दिलंय, मेकॅनिक म्हणतोय हे पाण्यासारखं पातळ आहे उन्हाळ्यात इंजिन खाईल, ५डब्ल्यू-४० टाका, आणि वर ब्रँड कुठला घ्यायचा तेही कळत नाहीये. ब्रँडचं नंतर बघू, तो यातला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग आहे. डब्याची पुढची बाजू सोडा, मागचं बारीक अक्षरातलं वाचा.

आधी पातळ-घट्टचं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा फक्त थंडीतल्या स्टार्टिंगचा असतो, ०डब्ल्यूची टेस्ट उणे ३५ डिग्रीला होते आणि ५डब्ल्यूची उणे ३० ला. नंतरचा आकडा म्हणजे १०० डिग्रीला ऑइल किती घट्ट राहतं ते. आता बघा, ०डब्ल्यू-२० ऑइल ४० डिग्रीला साधारण ४५ सेंटिस्टोक (घट्टपणा मोजायचं एकक) असतं आणि १०० डिग्रीला आठ-साडेआठ, म्हणजे सकाळी स्टार्टर मारता तेव्हा हेच "पातळ" ऑइल गरम इंजिनातल्यापेक्षा पाच पट घट्ट असतं. ५डब्ल्यू-४० तर त्याच ४० डिग्रीला ८० च्या पुढे जातं. आणि बाहेर कितीही ऊन असलं तरी थर्मोस्टॅट आणि रेडिएटर आपलं काम करतात, ऑइल तसंही १०० डिग्रीच्या आसपास जाऊन थांबतं, बाहेरच्या पाच-दहा डिग्रीने त्याला फार फरक पडत नाही.

४० ग्रेड टाकलं तर इंजिन लगेच बंद पडेल असं मी म्हणणार नाही, ते खरं नाही. पण व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग (व्हॉल्व्ह उघडायची वेळ बदलणारी यंत्रणा) ऑइलच्या प्रेशरवरच चालतं, त्याचे सोलेनॉइड (विजेवर चालणारे छोटे व्हॉल्व्ह), व्हेरिएबल ऑइल पंप, सगळं ठराविक घट्टपणा धरून बनवलेलं असतं, त्यात जास्त घट्ट ऑइल गेलं की रिस्पॉन्स बदलतो, ॲव्हरेज थोडं कमी होतं आणि वॉरंटीच्या वेळी वाद घालायला समोरच्याला आयतं कारण मिळतं. मॅन्युअलमध्ये पर्यायी ग्रेडचा तक्ता असेल आणि त्यात ५डब्ल्यू-३० दिलेलं असेल तर सतत घाट, फुल लोड अशा वापराला ते खुशाल घ्या. मॅन्युअल मात्र तुमच्या देशातल्या मॉडेलचंच बघा, तेच इंजिन दुसरीकडे वेगळ्या ग्रेडवर विकलेलं असू शकतं. आणि उलटं अजिबात करू नका, म्हणजे ५डब्ल्यू-४० मागणाऱ्या जुन्या इंजिनात मायलेज मिळावं म्हणून ०डब्ल्यू-२०. तिथे बेअरिंगवरची ऑइलची फिल्म कमी पडू शकते, ते नुकसान परत भरून येत नाही.

आता तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, एपीआयची अक्षरं, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या दर्जाची डब्यावरची खूण. छोट्या टर्बो डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात कमी आरपीएमवर, वरच्या गिअरमध्ये जोरात ॲक्सिलरेटर दाबला की कधी कधी स्पार्क पडायच्या आधीच मिश्रण पेट घेतं, त्याला एलएसपीआय (लो-स्पीड प्री-इग्निशन) म्हणतात आणि नॉकिंग, म्हणजे आतला ठोका, इतकं जबरदस्त असतं की पिस्टनची रिंगलँड (रिंगांच्या खाचांमधली कड) तुटू शकते. ऑइलमधल्या कॅल्शियमवाल्या डिटर्जंटचा यात हात असतो हे कळल्यावर कंपन्यांनी कॅल्शियम कमी करून मॅग्नेशियम वाढवलं. जुन्या एसएन दर्जानंतर २०१८ मध्ये एसएन प्लस आलं, २०२० मध्ये एसपी, त्यात एलएसपीआयसोबत टायमिंग चेनच्या झिजेचीही टेस्ट आहे, आणि २०२५ मध्ये एसक्यू आलं. म्हणून तुम्ही एसपी किंवा एसक्यूच घ्या, नुसतं एसएन लिहिलेला जुना स्टॉक कितीही स्वस्तात मिळाला तरी नको, मग तो फुल्ली सिंथेटिक का असेना.

"फुल्ली सिंथेटिक" या शब्दावर लोक फार भांडतात. ऑइलच्या मूळ तेलाचे ग्रुप असतात, ग्रुप ३ म्हणजे हायड्रोक्रॅक (हायड्रोजन वापरून जास्त शुद्ध) केलेलं खनिज तेल आणि ग्रुप ४ म्हणजे पीएओ, रासायनिक प्रक्रियेने बनवलेलं तेल, अमेरिकेत १९९९ च्या एका निर्णयानंतर ग्रुप ३ ला पण सिंथेटिक म्हणणं रूढ झालं. माझं मत विचाराल तर त्याच्या मागे लागू नका, चांगल्या ॲडिटिव्हचं ग्रुप ३ ऑइल टेस्ट पास होतंय ना, मग बस.

युरोपियन गाडी असेल तर एपीआयने भागत नाही, कंपनीचा अप्रूव्हल नंबर लागतो, जसं फोक्सवॅगन ५०८ ००, मर्सिडीज २२९.५२, बीएमडब्ल्यू लाँगलाइफ-०४. इथे शब्द नीट वाचा, "अप्रूव्ह्ड" म्हणजे कार कंपनीने तपासून मंजूर केलेलं, आणि "सूटेबल फॉर" किंवा "मीट्स रिक्वायरमेंट्स" हे ऑइल विकणारा स्वतःच म्हणतोय. अप्रूव्हलची यादी सहसा कार कंपनीच्या साइटवर बघता येते. डिझेलला डीपीएफ असेल किंवा पेट्रोलला जीपीएफ असेल (दोन्ही म्हणजे धुरातली काजळी अडवणारे फिल्टर) तर लो-ॲश, म्हणजे कमी राख सोडणारं ऑइलच, एसीईए सी३ या युरोपियन दर्जात सल्फेटेड ॲशची (ऑइल जळल्यावर उरणाऱ्या राखेची) मर्यादा ०.८ टक्के आहे. फिल्टरमधली काजळी रिजनरेशनमध्ये (फिल्टर तापवून साफ करताना) जळते पण ॲश जळत नाही, ती साचतच जाते.

एवढं जुळलं की ब्रँड कुठलाही नावाजलेला, सील नीट असलेला डबा, बिलासकट. टॉप-अपला दुसऱ्या ब्रँडचं त्याच स्पेसिफिकेशनचं ऑइल चालतं, इंजिनात दही वगैरे होत नाही. वरून टाकायचे ॲडिटिव्ह आणि फ्लश मात्र नकोच, ऑइलमधलं ॲडिटिव्हचं गणित कंपनीने बसवलेलं असतं ते बिघडवायचं कशाला.

बदलायचं कधी, तर मॅन्युअलमध्ये सिव्हिअर (कठीण) वापराचा वेगळा तक्ता असतो तो धरा. रोज चार-पाच किलोमीटरच चालणारी गाडी सिव्हिअरमध्येच येते, कारण इंजिन नीट तापत नाही आणि पेट्रोल ऑइलमध्ये उतरत राहतं. डिपस्टिकवर लेव्हल वाढलेली दिसली आणि वास पेट्रोलचा आला तर किलोमीटर न बघता बदला. आणि भरताना मॅक्सच्या वर जाऊ देऊ नका, क्रँकशाफ्ट ऑइलमध्ये बुडून फेस होतो आणि प्रेशर पडतं. गॅरेजमध्ये ऑइल भरून झालं की पाच-दहा मिनिटं थांबून, गाडी सपाट जागेवर ठेवून, तुमच्यासमोर डिपस्टिक काढायला सांगा.