टाकी बदलायची, पण आधी पाणी बघा

प्रश्न : नमस्कार सर, जुळे सोलापुरात आमचं घर आहे, गच्चीवर २०० लिटरचा ट्यूबवाला सोलर आहे. आता टाकीच्या खालून पाणी ठिबकतंय, बाहेरच्या पत्र्यावर तांबूस ओघळ आलेत आणि सकाळी पाणी नुसतं कोमट येतं. एक मेकॅनिक म्हणतो अख्खा सोलर बदला, दुसरा म्हणतो वेल्डिंग मारून देतो, मिस्टर म्हणतात सोलर काढा आणि गिझर लावा. बोअरचं पाणी आणि कार्पोरेशनचं चार-पाच दिवसांआड येणारं पाणी, दोन्ही एकाच टाकीत जातं. काय करावं? — एक भगिनी

उत्तर : ताई, आधी ठिबकतंय कुठून ते बघा, म्हणजे संध्याकाळी टाकीचं पोट आणि ट्यूबच्या तोंडाशी असलेल्या रिंगा फडक्याने कोरड्या पुसून घ्या आणि सकाळी ऊन चढायच्या आत वर जाऊन हात लावून बघा. ट्यूब टाकीत शिरते तिथंच ओल असेल तर फक्त रबरी रिंग गेलीय, ती बदलली की काम झालं. पण तुम्ही लिहिलंय ते तांबूस ओघळ आणि कोमट पाणी दोन्ही एकत्र आहे म्हणजे बहुतेक आतल्या टाकीला बारीक भोकं पडलीत आणि भोवतीचा पफ, म्हणजे उष्णता धरून ठेवणारा फोम, भिजलाय. भिजलेला पफ उष्णता धरत नाही, म्हणून दिवसभर तापलेलं पाणी रात्रीत गार होतं.

वेल्डिंगच्या नादाला लागू नका. आतला पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, त्याच्याभोवती गच्च पफ, तो खरवडून काढल्याशिवाय भोक दिसतच नाही, वर वेल्डिंगची ज्योत लागली की पफ जळून विषारी धूर होतो तो वेगळाच. आणि एवढं करून डाग दिला तरी त्याच्या शेजारचाच पत्रा कमजोर होतो, चार महिन्यांत तिथून पुन्हा ठिबकायला लागतं, पैसे पाण्यात.

पण अख्खा सोलर बदलायचीही गरज नाही. ट्यूब सहसा चांगल्या असतात. एकेक ट्यूब बाहेर काढून तिचं खालचं निमुळतं टोक बघा, तिथं आतून चंदेरी आरशासारखा डाग असतो, तो चंदेरी असेल तर ट्यूब ठणठणीत आणि पांढरट दुधासारखा झाला असेल तर दोन काचांमधलं व्हॅक्यूम गेलं, आत हवा शिरली, तेवढीच बदलायची. स्टँड गंजलं नसेल तर तेही राहू द्या. फक्त नवीन टाकी सांगताना जुन्या ट्यूबची जाडी (४७ मिलिमीटर की ५८), लांबी आणि दोन भोकांमधलं अंतर मोजून कागदावर लिहून द्या, नाहीतर टाकी गच्चीवर चढवल्यावर कळतं की ट्यूब बसत नाही.

आता मुख्य गोष्ट, टाकी गेली कशामुळे ते न बघता नवीन बसवली तर तीही तशीच जाणार. बोअरच्या पाण्यात क्लोराइड, म्हणजे खारेपणा, जास्त असला की स्टीलला जोडाच्या रेषेवर बारीक भोकं पडतात, आणि पाणी तापलं की क्षार तळाला बसतो आणि त्या थराखाली गंज सुरू होतो. आपल्याकडे तर एप्रिल-मेमध्ये गरम पाणी कुणी वापरत नाही, सगळे गारच पाण्याने आंघोळ करतात, आणि तेव्हाच टाकीतलं पाणी दिवसभर उकळल्यासारखं पडून असतं. म्हणजे ज्या महिन्यांत सोलरचा उपयोग शून्य त्याच महिन्यांत टाकी सगळ्यात जास्त तापते. म्हणून उन्हाळा लागला की निम्म्याहून जास्त ट्यूब जुन्या चादरीने झाकून घट्ट बांधून टाका, सोलापुरात जुन्या चादरींना तोटा नाही.

बोअरचं आणि कार्पोरेशनचं, दोन्ही पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत भरून लॅबमध्ये द्या आणि हार्डनेस (पाण्याचा जडपणा) आणि क्लोराइड दोन्ही मागा. आरओवाला पेन बुडवून टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा एकूण आकडा, सांगतो तेवढ्यावर जाऊ नका, त्यात क्लोराइड किती ते कळत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात हार्डनेस लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात, क्लोराइडचे आकडे २५० आणि १०००. पण हे पोटासाठी झालं, गरम पाण्यातल्या ३०४ ग्रेडच्या स्टीलला, म्हणजे सोलरच्या नेहमीच्या टाकीला, क्लोराइड २५० च्या आत असतानाही त्रास सुरू होऊ शकतो. क्लोराइड जास्त निघालं तर ३१६ एल ग्रेडची किंवा आतून काचेचा लेप असलेली टाकी घ्या, महाग पडते पण बोअरवर टिकते. लेपवाल्या टाकीत मॅग्नेशियमचा रॉड असतोच, तो स्टीलच्या आधी स्वतः झिजतो, म्हणून दरवर्षी दिवाळीच्या आधी काढून बघायचा आणि बोटाएवढा बारीक झाला की बदलायचा. माझ्या बघण्यात तरी हा रॉड कुणी बदलत नाही, बसवणारा सांगत नाही आणि घरातल्यांना तो आहे हेच माहीत नसतं, फार वाईट वाटतं, कारण तेवढ्या खर्चात टाकी कितीतरी वर्षं वाचते.

दुकानात लोहचुंबक लावून ‘बघा चिकटत नाही, म्हणजे ३०४’ असं दाखवतात त्यावर विश्वास ठेवू नका, स्वस्तातलं २०२ ग्रेडही चुंबकाला चिकटत नाही. बिलावर ग्रेड आणि पत्र्याची जाडी लिहून घ्या, आणि वॉरंटी कार्ड आधी वाचा, बऱ्याच कार्डांवर खारं पाणी वॉरंटीत बसत नाही असं बारीक अक्षरात छापलेलं असतं.

माझं स्पष्ट मत विचाराल तर सोलरसाठी ५०० लिटरची वेगळी टाकी ठेवा आणि तिच्यात फक्त कार्पोरेशनचं पाणी सोडा. कार्पोरेशनचं पाणी उजनी धरणाचं, ते बहुतेक वेळा बोअरपेक्षा हलकं असतं, आणि रोज शंभरेक लिटर गरम पाणी लागतं असं धरलं तर पुढचं पाणी येईपर्यंत ते पुरतं. या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या डोक्यापेक्षा वर पाहिजे, आणि स्टँड कॉलम-बीमच्या रेषेवर पाहिजे, स्लॅबच्या मधोमध नको.

गिझरचं म्हणाल तर १०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला साडेतीन युनिट वीज लागते, रोजची. आणि बोअरचं पाणी तेच राहिलं तर गिझरच्या कॉइलवरही तोच पांढरा थर बसणार, त्यामुळे मिस्टरांना सांगा की गिझर ढगाळ दिवसांपुरता ठीक.

प्रश्न : माझी लेक आणि जावई अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला राहतात. जुनं घर घेतलंय, घर गरम ठेवायला तळघरात तेलाची टाकी आहे, २७५ गॅलनची. तिथला माणूस म्हणतो टाकी बदला. बाहेरून तर रंग चांगला दिसतो, व्हिडिओ कॉलवर मी स्वतः बघितली. खरंच गरज आहे का? — होटगी रोडवरचे एक वाचक

उत्तर : काका, बाहेरच्या रंगावर जाऊ नका. ते तेल म्हणजे आपल्या डिझेलसारखंच, आणि २७५ गॅलन म्हणजे हजार लिटरच्या वर. टाकी कधी रिकामी, कधी भरलेली, आतल्या हवेतली वाफ थंडीत गार होऊन पाणी बनतं, पाणी तेलापेक्षा जड म्हणून तळाला जातं आणि तिथं गाळात बसून पत्रा आतून खातं. म्हणजे टाकी गंजते ती खालून आणि आतून, कॅमेऱ्यात दिसणार नाही. जावईबापूंना सांगा टाकीच्या पोटाखाली कागद फिरवून ओल लागते का बघा, पाय गंजलेत का बघा, आणि शंका असेल तर अल्ट्रासोनिक मशीनने पत्र्याची जाडी मोजून घ्या.

तेल तळघरात सांडलं आणि जमिनीत मुरलं तर माती खोदून साफ करायचा खर्च टाकीच्या कितीतरी पट होतो, आणि घराच्या विम्यात तो बऱ्याचदा धरलेला नसतो, वेगळा घ्यावा लागतो, म्हणून पॉलिसी काढून वाचायला सांगा. त्या राज्यात बर्नरला (तेल जाळणाऱ्या यंत्राला) जाणाऱ्या तेलाच्या नळीला सेफ्टी व्हॉल्व्ह किंवा बाहेरून संरक्षक नळी पाहिजे असा कायदा आहे, जुन्या घरात ते झालंय का तेही बघायचं. नवीन टाकी दुहेरी भिंतीची घ्यावी, आतली गळली तरी तेल बाहेरच्यात अडतं. काम उन्हाळ्यात, टाकीत तेल कमी असताना करायचं आणि जुन्या टाकीच्या तळातला गाळ नव्या टाकीत ओढायचा नाही. परमिट तिथल्या फायर डिपार्टमेंटकडून लागतं, काम लायसन्सवाल्याकडूनच करायचं.

एक गोष्ट मात्र लेकीला फोन करून आजच सांगा. टाकी काढली किंवा दुसरीकडे हलवली तर बाहेरच्या भिंतीतला भरायचा जुना पाइप त्याच दिवशी काढून टाकायचा. नुसतं झाकण लावून चालत नाही. टँकरवाला येतो, पाइप दिसला की नळी जोडतो, आणि टाकी नसेल तर सगळं तेल तळघरात. असं तिकडे खरंच घडलेलं आहे. एरवी भरताना हवेच्या पाइपातून शिट्टी वाजत राहते आणि टाकी भरली की थांबते. भरायला सुरुवात केली आणि शिट्टी वाजलीच नाही तर त्याने तिथंच थांबायला पाहिजे.

प्रश्न : पाणी आलं की आमच्या सोलरच्या एक-दोन ट्यूब फुटतातच. माल खराब आहे का? — अक्कलकोट रोड

उत्तर : माल खराब नसावा, वेळ चुकतेय. वरची टाकी संपली आणि सोलर रिकामा पडला की उन्हात ट्यूब आतून दोनशे अंशांपर्यंत तापते, त्यात दुपारी गार पाणी शिरलं की काच तडकणारच. गार पाण्याच्या लाइनवर सोलरच्या आधी एक व्हॉल्व्ह बसवा, सोलर रिकामा झाला की तो बंद ठेवा, आणि पाणी दुपारी आलं तरी सूर्य मावळून दोन तास झाल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी पहाटेच उघडा. फुटलेल्या ट्यूबच्या जागी नवीन घालायच्या आधी टाकीतली काच हाताने चाचपून पूर्ण काढा, हातात जाड मोजे घालून, आणि रिंग नवीच टाका.