रात्री तीन वाजता तू कुठं असतेस?

"बाळ श्वास घेतंय का बघत मी रात्रभर जागी असते." बेळगावातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य महिन्यातून दोन-तीनदा तरी येतंच. कधी खानापूरकडून, कधी चिक्कोडीकडून. म्हणून त्यातल्या एकीची हकीकत, ओळख पुसून, सांगते.

ती निपाणीजवळच्या खेड्यातली. नवरा तंबाखूच्या वखारीत कामाला, बाळ सव्वादोन महिन्यांचं. सुनेचे खोल गेलेले डोळे बघून सासूच तिला घेऊन आली, पण खुर्चीत बसल्या बसल्या दोघींचं जुंपलं.

"माझी चार लेकरं पालथीच निजली. उताणं निजवलं की दचकतंय, वर दूध नरड्यात गेलं म्हणजे?"

"डॉक्टर उताणंच म्हणतात. म्हणून तर मी जागते, मॅडम."

पालथं बाळ गाढ झोपतं, हे सासूबाईंचं निरीक्षण अगदी बरोबर. घोळ तिथंच आहे. नाक दबलं किंवा श्वास अडला तर बाळानं दचकून जागं व्हायला हवं, आणि गाढ झोपेत तेच होत नाही. दुधाचं म्हणाल तर मी कागदावर दोन नळ्या काढून दाखवल्या. बाळ उताणं असताना श्वासनळी वर राहते, अन्ननळी खाली. ओकलेलं दूध खालच्या खाली राहतं. पालथ्या बाळाचं उलटं. सासूबाईंनी तो कागद घडी घालून पिशवीत ठेवला. अमेरिकेत 1994 साली उताणं निजवण्याची मोहीम सुरू झाली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत झोपेतले अचानक बालमृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हेही सांगितलं. त्यापेक्षा कागदच जास्त पटला असावा.

तरी सून जागीच. तिसऱ्या भेटीत मी सल्ला बाजूला ठेवला आणि विचारलं, "रात्री तीन वाजता तू कुठं असतेस?"

"सोफ्यावर. बाळ छातीवर. खाली ठेवलं की रडतंय."

"डोळा लागतो?"

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मी थांबले. शांततेला घाबरून मध्ये बोलायचं नाही, हे शिकायला मला बरीच वर्षं लागलीत.

"परवा जाग आली तर बाळ घसरून सोफ्याच्या पाठीच्या फटीत गेलेलं. कुणाला बोलले न्हाई."

सासूबाईंचा आवाज एकदम उतरला. "मला हाक का मारली न्हाईस गं?"

माझ्या मते त्या दिवशीचं खरं काम या प्रश्नानं केलं. एरवी माझा भर विचारांपेक्षा वागण्यावर. दर दहा मिनिटांनी श्वास तपासला की भीती शमत नाही, तिला खतपाणी मिळतं. दमलेलं माणूस झोपणारच, मग पहारा अंथरुणावर सोपवायला नको का?

तसं अंथरूण आम्ही तिघींनी मिळून ठरवलं. आईच्या शेजारी, पण वेगळी, सपाट, घट्ट गादी. त्यावर ताणून खोचलेली चादर, बाकी काही नाही. वाकळ, लोड, मोहरीची उशी सगळं बाहेर. घरात झोपताना कुंची काढायची. थंडी हातापायांवरून नव्हे, मानेमागे हात लावून बघायची. झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकते, म्हणून रात्री झोळी नको. पाजताना डोळा लागेल असं वाटलं तर सोफ्यापेक्षा स्वतःचं अंथरूण बरं, उशा-पांघरूण दूर सारून, आणि जाग येताच बाळ त्याच्या गादीवर. नवऱ्याला मात्र स्पष्ट निरोप धाडला: बिडी सुटेपर्यंत बाळाजवळ निजायचं नाही. पहाटेची पाळी सासूबाईंनी घेतली. दिवसा बाळ जागं असताना त्याला समोर पालथं घालून खेळवायचं कामही त्यांचंच. पालथं घालायची त्यांची हौस अशी भागली, आणि बाळाच्या मानेलाही ते हवंच असतं.

शेवटच्या भेटीत सून म्हणाली, "काल दोनदाच उठून बघितलं." पूर्वी मोजताच येत नव्हतं. मोहरीच्या उशीचं विचारलं, तर सासूबाईंनी आपली मान चोळली. "माझ्याच उपयोगी पडली. पण आता पोरगं आपणहून पालथं होऊन परत उताणं होतंय. रात्रभर सरळ करत बसू काय?"

"निजवताना उताणं. नंतर ते वळलं तर वळू दे."

"मग झोपते," म्हणाल्या.