जुन्या बंदुकीवरचे पुसट शिक्के वाचताना

आधी बंदूक रिकामी असल्याची खात्री करा. चेंबर (काडतूस बसतं ती पोकळी) डोळ्यांनी पाहा, बोटानेही चाचपा. मग टॉर्च धातूला जवळजवळ टेकवून आडवा धरा. ली-एनफिल्ड या ब्रिटिश रायफलीच्या बट सॉकेटवरचं (लाकडी दस्ता जिथे बसतो त्या धातूच्या भागावरचं) वर्ष कित्येकदा एवढ्यानेच वाचता येतं, मग पुढचं काही करूच नका.

नाहीच दिसलं तर खाचेतलं ग्रीस मिनरल स्पिरिट (रंग पातळ करायचं द्रावक) आणि नायलॉन ब्रशने काढा, कारण तेलकट खाचेत मेण धरत नाही. पांढरा मेणखडू आडवा-उभा घासा, वरचं मेण जाड कागदाच्या सरळ कडेने ओढून घ्या. मऊ फडकं नको, ते खाचेतलंही मेण उचलतं. लाकडावरच्या शिक्क्यांवर मेण नको, ते रंध्रांत बसतं, तिथे टॉर्चच. मोसिन-नागां या रशियन रायफलींच्या लाकडावरच्या शेलॅकवर (लाखेच्या चकाकीवर) अल्कोहोल लागलं तर थर विरघळतो. पॉलिश पेपर मात्र कधीच नाही!