पळताना जवळ ठेवण्यासाठी हलका चाकू कोणता घ्यावा?

तुम्ही लिहिले आहे की, बीडजवळच्या डोंगरवाटांवर तुम्ही पहाटे एकटे दहा-पंधरा किलोमीटर पळता आणि जवळ ठेवण्यासाठी १०० ग्रॅमच्या आतला चाकू शोधत आहात. पाते किती लांब असावे, उघडलेले पाते अडकवून ठेवणारा खटका हवा की नको, आणि मोकाट कुत्री अंगावर आली तर या चाकूचा उपयोग होईल का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. मी धाराशिव जिल्ह्यात येडशीच्या बाजूला, म्हणजे त्याच बालाघाटाच्या रांगेत, गेली ९ वर्षे पळत आहे, त्यामुळे तुमची जमीन, तुमचे काटे आणि तुमची कुत्री मला परकी नाहीत. माझ्या मते १०० ग्रॅम ही मर्यादा फार सैल आहे. पळणाऱ्याने ५० ग्रॅमच्या वर जाऊ नये, आणि पात्याइतकेच महत्त्व कात्रीला व चिमट्याला द्यावे.

असे म्हणण्याचे कारण माझ्या अनुभवात आहे. इतक्या वर्षांत चाकू काढण्याची वेळ आली ती बहुतेक वेळा पायांसाठीच आली. शेतकरी बांधाला कुंपण म्हणून बाभळीच्या तोडलेल्या फांद्या लावतात, त्यांतले काटे पायवाटेवर पसरतात, आणि पळण्याच्या बुटाचा मऊ तळ त्यांच्यापुढे टिकत नाही. काटा तळातून आत शिरून टाचेत मोडला, तर चाकूच्या टोकाने तो उकरत बसणे हा सर्वांत वाईट उपाय आहे; तिथे बारीक टोकाचा चिमटाच लागतो. फोडावर लावायची चिकटपट्टी गोल कापायची असेल, कारण कोपरे ठेवले की ती मोज्याला घासून सुटते, तर तिथे कात्रीच लागते. नाडीचे तुटलेले टोक कापणे किंवा खजुराचे पाकीट फोडणे, ही कामे तर नखाएवढ्या पात्यानेही होतात.

म्हणून माझी पहिली निवड व्हिक्टोरिनॉक्सचा ‘क्लासिक एसडी’ ही आहे. मिटवल्यावर त्याची लांबी ५८ मिलिमीटर असते आणि वजन सुमारे २१ ग्रॅम भरते. आपल्या दहा रुपयांच्या एका नाण्याचे वजन ७.७१ ग्रॅम असते, म्हणजे तीन नाणी खिशात टाकली तरी ती या चाकूपेक्षा जड होतील. त्यात लहान पाते, कात्री, टोकाला छोटा पेचकस असलेली कानस, आणि मुठीतून ओढून काढता येणारा चिमटा व दातकोरणी एवढे सगळे बसवलेले आहे. पात्याला खटका नाही, फक्त कमानीचा दाब आहे. परंतु एवढ्या आखूड पात्यावर कोणी जोर देत नाही, त्यामुळे मला ती उणीव वाटत नाही. मात्र चिमटा मुठीत घट्ट बसतो की नाही, हे दुकानातच पाहून घ्यावे, कारण सैल झालेला चिमटा पळताना कधी गळून पडतो ते कळतही नाही.

तुम्हाला खरोखरच मोठे पाते हवे असेल, म्हणजे दोर, जाळी किंवा फांदी कापण्याची वेळ येईल असे वाटत असेल, तर खटक्याचा प्रश्न महत्त्वाचा होतो. माझा पहिला चाकू सुमारे दीडशे ग्रॅमचा होता. तो मी शहरातल्या एका दुकानातून, केवळ दिसायला भक्कम म्हणून घेतला होता. त्याचे पाते उघडल्यावर आतली पोलादी पट्टी सरकून त्याला अडकवीत असे, पण मिटलेले पाते धरून ठेवणारे काहीच नव्हते, आणि रोजच्या हादऱ्यांनी त्याचा स्क्रू ढिला झाला. एके दिवशी उतारावरून खाली आल्यावर पाणी पिण्यासाठी मी खाली बसलो आणि अर्धवट उघडलेल्या पात्याने चड्डीचा खिसा फाडून मांडीवर चार बोटे लांब ओरखडा काढला. जखम वरवरची होती, परंतु तेच पाते पळता पळता पडल्यावर उघडले असते तर काय झाले असते, हा विचार मला त्यानंतर कित्येक दिवस सोडत नव्हता. उघडे पाते अडकणे जितके आवश्यक आहे, तितकेच, किंबहुना पळणाऱ्यासाठी त्याहून अधिक, मिटलेले पाते अडकणे आवश्यक आहे, हे मी त्या दिवशी शिकलो.

या कसोटीवर फ्रान्सच्या सावोय भागातला ओपिनेल चांगला उतरतो. त्याच्या ८ क्रमांकाच्या चाकूचे पाते ८.५ सेंटिमीटर लांब असून वजन सुमारे ४५ ग्रॅम आहे, आणि मुठीच्या तोंडाशी असलेले फिरते कडे पाते उघडे असतानाही अडकवते आणि मिटलेले असतानाही. कडे फिरवून उघडे पाते अडकवण्याची रचना १९५५ पासून वापरात आहे. दोष एवढाच की मूठ लाकडाची असते. पावसाळ्यात किंवा घामाने लाकूड फुगते आणि पाते इतके घट्ट होते की ओल्या बोटांनी उघडत नाही. मी मुठीच्या फटीला जवसाचे तेल लावून पुरते वाळू देतो, त्याने बराच फरक पडतो. नायलॉन आणि काचतंतू यांच्या मिश्रणाची मूठ असलेले चाकू ही अडचण मुळातच टाळतात आणि हलकेही असतात.

पात्याचे पोलाद निवडताना धारेपेक्षा गंजाचा विचार आधी करावा. घामात मीठ असते, आणि पळणाऱ्याचा चाकू रोज तासभर घामाने भिजलेल्या कापडात राहतो. पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम असेल तरच ते स्टेनलेस म्हणवते. साधे कार्बन पोलाद धार उत्तम घेते, पण आपल्या कामी ते दोन दिवसांत तांबूस पडते. आठवडी बाजारात लोहाराकडे गाडीच्या कमानपट्ट्यापासून केलेले चाकू मिळतात. त्यांची धार मला मनापासून आवडते आणि घरात आम्ही तेच वापरतो, परंतु पळण्यासाठी ते जडही पडतात आणि गंजतातही.

दातेरी पात्याबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी एक प्रसंग सांगावासा वाटतो. रानडुकरे आणि रोही पिकात शिरू नयेत म्हणून आपल्याकडे शेताभोवती जुन्या साड्या किंवा नायलॉनची जाळी बांधतात. दोन वर्षांपूर्वी अशाच एका जाळीत एक करडू मान अडकवून तडफडत होते. माझ्याजवळ साध्या धारेचे लहान पाते होते. नायलॉनच्या दोऱ्यावरून ते घसरत राहिले, आणि शेवटी कात्रीने एकेक दोरा कापून मी त्याला सोडवले. पाते पूर्ण दातेरी असते तर दोरे पटकन तुटले असते, हे खरे आहे. पण जिवाच्या आकांताने हलणाऱ्या मानेजवळ दातेरी पाते ओढण्याची माझी छाती झाली नसती. शिवाय दातेरी पात्याला घरच्या सपाट दगडावर धार लावता येत नाही. त्यामुळे साधी धार आणि सोबत कात्री, हीच जोडी मी आजही सुचवीन.

आता कुत्र्यांविषयी. यासाठी चाकू घेऊ नका, हे मी अगदी आग्रहाने सांगतो. कुत्र्याला चाकू लागण्याइतके ते जवळ आले, म्हणजे त्याचे दात तुमच्या हाताला लागण्याइतकेही ते जवळ आलेले असते, आणि धडपडीत आपलीच बोटे कापली जातात. पळणे थांबवावे, पाठ न दाखवता हळूहळू मागे सरकावे आणि दगड उचलल्यासारखे वाकावे. माझ्या अनुभवात एवढ्याने बहुतेक कुत्री मागे हटतात. पहाटेच्या अंधारात कपाळावर बांधायचा दिवा आणि एक शिट्टी यांचा उपयोग चाकूपेक्षा कितीतरी जास्त होतो. तरीही चावा बसलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करावी.

सर्पदंशाच्या बाबतीतही असाच एक जुना समज आहे, आणि तो जीवघेणा आहे. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे यांपैकी कोणताही साप चावला असो, चाकूने जखमेवर चीर देऊ नये, रक्त चोखू नये आणि दोरी आवळून बांधू नये. चावलेला अवयव न हलवता १०८ वर फोन करून प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात पोहोचणे, एवढेच करायचे असते.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या वर्गात येतात, आणि घरगुती किंवा शेतीकामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळलेली आहेत. त्यामुळे आपले छोटे चाकू त्या मर्यादेच्या खूप आत बसतात. परंतु महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७(१) खाली सण, मोर्चे किंवा निवडणुकांच्या काळात जिल्ह्यात मनाई आदेश निघतात, आणि त्यांत चाकूच काय, काठी बाळगण्यासही बंदी करता येते. असा आदेश वर्तमानपत्रात दिसला की मी चाकू घरी ठेवतो आणि चिमटा तेवढा वेगळा घेऊन जातो. बटण दाबताच उघडणारा रामपुरी मात्र कोणत्याही दिवशी जवळ बाळगू नये. पायातला काटा काढण्यासाठी तो आणला आहे, हे पोलिसांना पटवून देणे कठीण जाईल.

शेवटी चाकू कोठे ठेवायचा, याकडे वळतो, कारण वजनाचा त्रास होणे न होणे मुख्यतः जागेवर अवलंबून असते. चड्डीच्या बाजूच्या खिशात ४५ ग्रॅमचा चाकूही प्रत्येक पावलाला मांडीवर आपटतो, आणि तोच कमरेच्या घट्ट पट्ट्यात पाठीच्या मध्यावर, चेन असलेल्या कप्प्यात ठेवला तर जाणवतही नाही. गळ्यात दोरीने अडकवलेला चाकू पडल्यावर छातीखाली येतो आणि दोरी झुडपात अडकते, म्हणून तो प्रकार टाळावा. मी चाकू एका छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, दोन चिकटपट्ट्यांसह गुंडाळून ठेवतो, म्हणजे घामही लागत नाही आणि तो खुळखुळतही नाही. घरी आल्यावर साध्या पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडा करून, सांध्यात खोबरेल तेलाचा एक थेंब सोडतो. स्पर्धेसाठी विमानाने जाणार असाल तर तो हातातल्या पिशवीत न ठेवता जमा करायच्या सामानात टाका. सुरक्षा तपासणीत काढून घेतलेला माझा एक चाकू मला पुन्हा मिळाला नाही.