काळी दोन

सोलापूरहून एका ताईंचं पत्र आलंय, वय 61. लग्नाआधी कलापथकात होत्या, हुंडाबंदीवर, दारूबंदीवर स्वतः गाणी रचायच्या, स्वतःच चाली लावायच्या आणि गावोगाव जाऊन गायच्या. लग्नानंतर 34 वर्षं सगळं बंद. आता रिटायर झाल्यात आणि कलापथकातले जुने ढोलकीवाले दादा मागे लागलेत की पुन्हा कार्यक्रम करू. मिस्टर म्हणतात, आता या वयात कशाला. ताई विचारतात, यांना कसं पटवू?

ताई, मिस्टरांचं राहू द्या बाजूला. दोन पानं त्यांच्यावर लिहिलीत, मी वाचली, पुरे झालं. "आता कशाला" म्हणणारा माणूस नवीन मिक्सर आणला तरी तेच म्हणतो.

मी अडकले ते तिसऱ्या पानावर. तिथे जाता जाता एक ओळ टाकलीय तुम्ही, "आवाज पण उतरलाय, तेव्हा काळी चारला गायचे, आता काळी दोनच्या वर गेलं की फाटतो". (काळी चार, काळी दोन म्हणजे पेटीवरच्या काळ्या पट्ट्या, गाणारा त्यातली एक सा म्हणून धरतो, आकडा कमी तितका सूर खाली.) अहो, 34 वर्षं गाणं बंद आहे ना? मग हे कळलं कसं? भांडी घासताना गुणगुणणाऱ्या बाईला पट्टी माहीत नसते. तुम्ही कुठेतरी दार लावून, मोबाईलवर तानपुरा लावून बसलाय, काळी चार धरून बघितली, नाही झाली, मग एकेक सूर खाली येत येत काळी दोनवर थांबलात. ही एका दिवसाची गोष्ट नाही. म्हणजे गाणं सुरू झालंय, ते घरात कुणाला सांगितलं नाहीये एवढंच, आणि मला पत्र लिहून परवानगी मागताय, जी मी देणार नाही कारण ती कुणी द्यायचीच नसते.

आणि उतरला म्हणजे काय हो? इंग्लंडच्या वाष्टी बन्यन या गायिकेचा पहिला अल्बम 1970 चा, तो चालला नाही म्हणून बाई गाणंच सोडून संसाराला लागली, दुसरा अल्बम आला 2005 ला, साठीत. आपल्याकडे जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा झाल्यात, त्या रचणाऱ्या बायांची पट्टी विचारली का कुणी? गाणी तुमचीच आहेत, चोवीसाव्या वर्षीच्या गळ्याला बेतलेली. ब्लाउज होईना तर आपण शिवण उसवतो, अंग नाही कापत. वरच्या जागा खाली घ्या, काही कडवी नवीन लिहा, हुंड्याबद्दल आज तुम्हाला तेव्हापेक्षा जास्त माहितीय.

ढोलकी गाणाऱ्याच्या पट्टीला लावावी लागते हे तुम्हाला मी काय सांगणार. तेव्हा आज जेवणं झाली की दादांना फोन करा, हॉलमधूनच करा, मिस्टर बातम्या बघत असतील तर टीव्हीचा आवाज कमी करायला सांगा, आणि म्हणा, दादा, ढोलकी काळी दोनला लावून ठेवा.