रोज बाहेरचं खाणं आणि दिवसभर बसून काम, बदल कुठून सुरू करू?

सगळं एकदम नका सुरू करू राव, सोमवारी जिम पण आणि डाएट पण असं केलं की पुढच्या सोमवारी दोन्ही बंद. डब्ल्यूएचओ म्हणतं आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम, म्हणजे 5 दिवस अर्धा तास भरभर चालणं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढ्या स्पीडने. पण तुम्ही आधी रात्री जेवण झालं की 10 मिनिटं चाला, दर आठवड्याला 5 वाढवा. नंतर आठवड्यातून 2 दिवस स्क्वॉट्स (उठाबशा) वगैरे, कारण नुसतं चालून ताकद वाढत नाही.

खाण्यात आधी फक्त रात्रीचं जेवण घरी, बाकी राहू द्या सध्या. मटकीला मोड आणून फ्रीजमध्ये ठेवा (थंडीत मोड यायला कापडात बांधून उबेला ठेवावी लागते), नाहीतर कुकरला मुगाची खिचडी लावा, त्यात गाजर पालक जे असेल ते. भाकरी थापता येत नसेल तर ज्वारीची धिरडी घाला, काही बिघडत नाही. मीठ मात्र दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, आणि त्यात लोणचं पापड फरसाण सगळं आलं, खरी बोंब तिथेच आहे. बीपी, शुगर किंवा गुडघ्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.