दवाखाना कधी टाकतेस?

पीएसएममध्ये, म्हणजे सामाजिक आरोग्यशास्त्रात, एमडी करून साथरोग सर्वेक्षणात आलीस म्हटल्यावर घरचे हेच विचारणार. ऐकून घे, कामाला लाग.

पहिले सहा महिने खुर्चीला चिकटू नको. आजारांची माहिती तीन फॉर्मवर येते: एस फॉर्म आरोग्यसेविकेचा, पी डॉक्टरचा, एल प्रयोगशाळेचा. २००४ साली आयडीएसपी, ही देशाची रोग सर्वेक्षण योजना, सुरू झाली तेव्हा सगळं कागदावर होतं, आता आयएचआयपी या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर भरतात. पण आकडा जन्मतो कसा, ते उपकेंद्रावर गेल्याशिवाय कळत नाही. कुठे ओळीने शून्यं दिसली की फोन लाव. ताप खरंच नव्हता, की सिस्टर रजेवर होत्या?

आपल्या नागपुरात डेंग्यूचं मूळ बरेचदा कूलरमध्ये सापडतं. पाऊस लागला की कूलर बंद, टाकीतलं पाणी मात्र तसंच. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करायला सांग. रिपोर्ट वाचण्याआधी तापाचा दिवस विचार: पहिल्या पाच दिवसांत एनएस१ (विषाणूचं प्रथिन शोधणारी चाचणी), नंतर आयजीएम (प्रतिपिंडांची).

आणि स्क्रब टायफस हा चिगर नावाच्या बारीक किड्याच्या चाव्याने होणारा ताप विसरू नको. २०१८ च्या पावसाळ्यात त्याने विदर्भाला चांगलंच दमवलं. चिगर चावल्याची काळी खपली काखेत, जांघेत लपलेली असते, आणि प्रत्येकाला ती असतेच असंही नाही. मीही एकदा गर्दीत नीट न तपासता एका बाईंना 'व्हायरल' लिहून मोकळा झालो होतो. त्यावरचं औषध, डॉक्सिसायक्लिन, तीन दिवस उशिरा मिळालं. वाचल्या त्या.

पुढे जमलं तर दिल्लीच्या एनसीडीसीचा, म्हणजे राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचा, ईआयएस हा साथींच्या तपासाचा दोन वर्षांचा प्रशिक्षणक्रम कर. पण आधी गडचिरोलीकडे बदली आली, तर नाही म्हणू नको.